चेंडू, रडार आणि १२८ बाइट

आमच्या शाळेच्या कम्प्युटर लॅबमध्ये माउस अडकायला लागला की सर तो उलटा करायचे. पोटावरची गोल चकती अंगठ्याने फिरवून काढली की तळहातावर एक जड, रबरी चेंडू पडायचा. आत दोन बारीक दांड्या असायच्या. त्यांच्यावर साचलेला मळ नखाने खरवडला की माउस पुन्हा ताळ्यावर यायचा. हे चेंडू वर्गातून गायबही व्हायचे. मग पुढचा तास पूर्ण लॅब कीबोर्डवर चालायची.

तो माउस म्हणजे खरं तर उलटा केलेला ट्रॅकबॉल. माउसमध्ये चेंडू खाली असतो आणि आपण अख्खी डबी टेबलावर फिरवतो. ट्रॅकबॉलमध्ये डबी जागेवर असते, चेंडू वर असतो आणि आपण फक्त चेंडू फिरवतो. दोन्हीकडे आतली युक्ती तीच. १९६८ साली जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीने आपला ट्रॅकबॉल उलटा करूनच ‘रोलकुगेल’ नावाचा माउस तयार केला होता.

हा लेख मात्र एका गेमबद्दल आहे. १९८१ साली बाजारात आलेल्या या गेमला, कंपनीचा तो काळ संपून वीसेक वर्षं झाल्यावर, एका हौशी माणसाने ट्रॅकबॉल जोडून दिला. त्यात पैसे नव्हते, आणि ते मशीन बनणंही दहा वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. मग इतका खटाटोप कशासाठी? याचं उत्तर शोधायचं तर आधी बरंच मागे, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये जावं लागतं.

राल्फ बेंजामिन हा जर्मनीतून निर्वासित होऊन इंग्लंडला आलेला ज्यू तरुण. युद्धानंतर तो ब्रिटिश नौदलासाठी रडारच्या पडद्यांवर काम करत होता. पडद्यावर शत्रूचं विमान ठिपक्यासारखं दिसायचं. ऑपरेटरने त्या ठिपक्यावर खूण न्यायची, थोड्या वेळाने पुन्हा न्यायची, आणि त्यावरून विमान पुढे कुठे असेल याचं गणित मशीनने मांडायचं. खूण हलवायला जॉयस्टिक होती. बेंजामिनला ती पुरेशी नेमकी वाटेना. १९४६ साली त्याने ‘रोलर बॉल’ची कल्पना मांडली: धातूचा एक गोळा आणि त्याच्याखाली रबर लावलेली दोन चाकं, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. गोळा जसा फिरेल तशी चाकं फिरतील आणि पडद्यावरची खूण तशीच सरकेल. याचा नमुना बनला, पेटंटही घेतलं गेलं. पण गोष्ट लष्करी गुपित म्हणून कपाटात राहिली.

१९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी ‘डेटार’ नावाची यंत्रणा बनवणाऱ्या इंजिनिअरांनी स्वतंत्रपणे हीच युक्ती शोधली. त्यांनी गोळा म्हणून चक्क बोलिंगचा चेंडू वापरला. त्यांचं कामही गुप्तच राहिलं.

एकूण काय, हा चेंडू जन्माला आला तो आकाशातून येणाऱ्या शत्रूवर खूण टेकवण्यासाठी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तो पुन्हा नेमका तिथेच पोचणार आहे.

१९७८ साली अटारीच्या ‘फुटबॉल’ या आर्केड गेममध्ये ट्रॅकबॉल आला. खेळाडूला पळवायचं तर तळहाताने चेंडू जीव तोडून फिरवावा लागे. लोकांच्या तळव्यांना फोड यायचे. मग १९८० साली आला ‘मिसाइल कमांड’. त्याचा मुख्य प्रोग्रॅमर डेव्ह थ्युरर. खेळ साधा: तळाशी सहा शहरं आणि तीन तळ. वरून क्षेपणास्त्रांच्या रेघा उतरत येतात. ट्रॅकबॉलने खूण न्यायची आणि तीनपैकी एका तळाचं बटण दाबून प्रतिक्षेपणास्त्र सोडायचं. प्रत्येक तळावर दहाच. थ्युररच्या मूळ कल्पनेत ही सहा शहरं कॅलिफोर्नियातली होती. पुढे नावं काढून टाकली. शीतयुद्धाचे दिवस. थ्युररने नंतर सांगितलं आहे की हा गेम करताना आणि त्यानंतरही त्याला अणुहल्ल्याची स्वप्नं पडत, आणि तो दचकून जागा होई. हा गेम जिंकता येत नाही. शेवटचं शहर गेलं की पडद्यावर नेहमीचं ‘गेम ओव्हर’ येत नाही, ‘द एंड’ येतं.

इथे चेंडू हवाच होता. आकाशाच्या एका टोकाला स्फोट होतोय तोच दुसऱ्या टोकाला तीन रेघा दिसतात. हात चेंडूवर सपकन फिरतो, खूण झेपावते, कधी नेमकी जागेवर थांबते, कधी घाबरलेल्या हाताने जास्त जोर दिल्यामुळे पलीकडे निघून जाते. ही चूक खेळाचाच भाग आहे. घाबरलात किती, हे चेंडूला कळतं.

आता घरात येऊ. अटारी २६०० हे मशीन १९७७ चं. त्यात १.१९ मेगाहर्ट्झचा ६५०७ प्रोसेसर आणि १२८ बाइट रॅम. पुन्हा सांगतो, १२८ बाइट. मेगाबाइट नाही, किलोबाइटही नाही. देवनागरीतला एकेक कोडपॉइंट युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट घेतो. म्हणजे या परिच्छेदाची पहिली तीन वाक्यंही त्या रॅममध्ये मावणार नाहीत. अख्खं चित्र साठवून ठेवायला या मशीनमध्ये जागाच नव्हती. टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक रेघ रंगवत खाली येतो, आणि प्रत्येक रेघेच्या वेळी तिथे काय दिसायचं ते प्रोग्रॅमने ऐन वेळी चिपला सांगायचं, अशी सगळी धावपळ. एका रेघेला प्रोसेसरची ७६ चक्रं मिळतात. मेमरीतून एक आकडा उचलायलाच तीन-चार चक्रं जातात. कढईत तेल तापलेलं असताना एका हाताने भजी सोडायची आणि दुसऱ्या हाताने पुढच्या घाण्याचं पीठ कालवायचं, असा तो प्रकार.

या मशीनसाठी ‘मिसाइल कमांड’ लिहिला रॉब फुलॉप याने. तो १९८१ मध्ये आला. तीन तळांचा एकच तळ झाला, कारण जॉयस्टिकला बटण एकच. माहितीपुस्तिकेत कॅलिफोर्नियाऐवजी झार्डन नावाच्या ग्रहाची गोष्ट आली. चार किलोबाइटमध्ये फुलॉपने जे बसवलं ते थक्क करणारं आहे. तेव्हा अटारी प्रोग्रॅमरचं नाव गेमवर छापत नसे, म्हणून त्याने आपली आद्याक्षरं गेमच्या पोटात लपवली: एका ठरावीक प्रकारात एकही गुण न मिळवता हरलात तर एका शहराच्या जागी ‘आर एफ’ दिसतं. थोड्याच काळात तो अटारी सोडून गेला.

पण चेंडू गेला तो गेलाच. जॉयस्टिकमध्ये चार स्विच असतात: वर, खाली, डावं, उजवं. स्विच चालू किंवा बंद. खूण ठरलेल्या वेगानेच सरकणार. तुम्ही शांत असा नाहीतर घाबरलेले, मशीनला फरक पडत नाही.

पुढे अटारीने २६०० मध्ये लावता येईल असा ट्रॅकबॉलही विकला, सीएक्स२२ नावाचा. मग प्रश्न सुटायला हवा होता. सुटला नाही. जुन्या गेम्सशी जुळावं म्हणून त्यात जॉयस्टिकचं सोंग घेण्याची सोय होती: चेंडू उजवीकडे फिरवला की ‘उजवं’ स्विच दाबल्याचा निरोप जायचा. हळू फिरवा किंवा गरगर फिरवा, निरोप तोच. चेंडूचा खरा निरोप पाठवणारी दुसरी पद्धतही त्यात होती, पण ती समजून घेणारा २६०० चा गेम अटारीने स्वतः काढला नाही. मग १९८३ ची मोठी मंदी आली, १९८४ मध्ये कंपनीचा घरगुती धंदा विकला गेला आणि विषय तिथेच थांबला.

खरा निरोप म्हणजे काय, ते जरा बघू, कारण सगळी गंमत तिथे आहे. चेंडूबरोबर दांडी फिरते, दांडीवर खाचा असलेली चकती असते, आणि खाचांतून येणारा प्रकाश टिपणारे सेन्सर असतात. अनेक ट्रॅकबॉल आणि जुने माउस हा निरोप दोन तारांवर पाठवतात. चेंडू एका दिशेने फिरला की तारांवर ००, ०१, ११, १० असा क्रम येतो आणि पुन्हा ००. उलट फिरला की उलट क्रम. मागचा आकडा आणि आताचा आकडा ताडून पाहिला की दिशा कळते. किती वेळा बदल झाला ते मोजलं की अंतर कळतं.

अडचण अशी की मोजणाऱ्याने डोळा काढायचा नाही. २६०० वरचे गेम सहसा कंट्रोलरकडे फ्रेममध्ये एकदा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा पाहतात. जॉयस्टिकला ते पुरतं. पण समजा चेंडू जोरात फिरून सेकंदाला १८० बदल पाठवतोय. म्हणजे दोन नजरांच्या मध्ये तीन पावलं. चार पावलांच्या या चक्रात तीन पावलं पुढे आणि एक पाऊल मागे यांचा आकडा एकच येतो! तुम्ही चेंडू जीव खाऊन उजवीकडे फिरवता आणि खूण हळूच डावीकडे सरकते. सिनेमात धावत्या गाडीची चाकं कधी कधी उलटी फिरताना दिसतात, तसंच हे. आर्केडच्या मशीनमध्ये ही मोजदाद करायला वेगळ्या चिप्स होत्या. २६०० मध्ये मोजणारा एकटा प्रोसेसर, आणि तो तर रेघा रंगवण्यात गुंतलेला.

म्हणून ट्रॅकबॉल जोडणं म्हणजे नुसतं एक सेटिंग वाढवणं नव्हतं. चित्र रंगवण्याच्या धांदलीतच, दर काही रेघांनी, चेंडूकडे नजर टाकायला चक्रं चोरावी लागतात. चक्र चुकलं तर चित्र फाटतं. शिवाय नव्या कोडला भरलेल्या रॉममध्ये जागा हवी आणि मोजदाद ठेवायला त्याच १२८ बाइटमधून बाइट हवेत. २००२ च्या सुमारास जर्मनीतल्या एका हौशी प्रोग्रॅमरने फुलॉपच्या गेमवर हे काम केलं. मूळ सोर्स कोड हातात नसताना असं काम करायचं म्हणजे कार्ट्रिजमधले आकडे घ्यायचे, ते असेंब्लीत उलगडायचे, आणि कुठला बाइट कशासाठी आहे हे एकेक करून ओळखायचं. सीएक्स२२ साठी, अटारीच्या माउससाठी, अमिगाच्या माउससाठी अशा त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या, कारण प्रत्येकाची तारांवरची भाषा वेगळी. आज स्टेला या एम्युलेटरवर साधा माउस धरूनही त्या खेळता येतात.

मी नोकरीत जुनं कोड वाचतो. ज्याने लिहिलं तो कधीच कंपनी सोडून गेलेला असतो, कागदपत्रं नसतात, आणि माझा पहिला विचार असतो, ‘हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?’ दोन दिवस त्यात काढले की कळतं, त्या माणसाला मुदत होती, मशीन लहान होतं, आणि त्याने जे केलं त्याला कारण होतं. २६०० चं कोड उलगडताना हे फार लवकर कळत असणार. तिथे एकही बाइट उगाच नसतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. फुलॉपने गेमची काठिण्यपातळी जॉयस्टिकचा संथपणा धरून बसवली होती. चेंडू लावला की तो सोपा होतो. मग हा १९८१ चा गेम राहिला का? जुन्या देवळाला ऑइलपेंट फासावा तसं तर हे नाही? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण साधं आहे: मूळ रॉम जसाच्या तसा शाबूत आहे. हवा त्याने तो जॉयस्टिकवर खेळावा. नवी आवृत्ती त्याच्या शेजारी उभी आहे, त्याच्या जागी नाही. आणि ती तेव्हाच्या मशीनवर, तेव्हाच्या १२८ बाइटमध्ये, तेव्हाच विकलेल्या चेंडूने चालते. बाहेरचं काहीच आणलेलं नाही. म्हणजे १९८३ मध्येही हे शक्य होतं. फक्त कुणाला ते करायला सवड मिळाली नाही.

इतिहास वाचताना आपण जे घडलं त्यालाच अटळ समजतो. २६०० ला हे जमणारच नव्हतं, असं मीही धरून चाललो होतो. एका माणसाने फुरसतीच्या वेळात दाखवून दिलं की ते मशीनला जमत होतं, फक्त बाजाराला त्याची गरज वाटली नव्हती. हा फरक पुस्तकात वाचून पटला नसता. कोड चालवून पटला.

आणि तो चेंडू? खरीखुरी विमानं टिपण्यासाठी एका निर्वासिताने घडवलेला, जॉयस्टिकला पर्याय म्हणून सुचवलेला आणि कपाटात गेलेला. पन्नासहून अधिक वर्षांनी तो पुन्हा जॉयस्टिकच्या जागी बसला, पुन्हा आकाशातून येणाऱ्या रेघांवर खूण टेकवायला. मी स्टेलावर खेळून पाहिलं. तिसऱ्या-चौथ्या फेरीत हात घाबरला, खूण पलीकडे गेली आणि डावीकडचं शहर गेलं. चूक माझी होती. जॉयस्टिकवर हरलो की मी जॉयस्टिकला शिव्या देतो. इथे तशी सोय नव्हती.