७. धम्मपुण्ण
पुण्यात स्वारगेटजवळ नेहरू स्टेडियमसमोर, दादावाडीत असलेले विपश्यना केंद्र. मरकळचे ‘धम्मानंद’ हे केंद्र वेगळे. मूळ मजकुराच्या लेखिका येथील साधना झेन समजतात, पण ही परंपरा ब्रह्मदेशातली. ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी ती १९६९ मध्ये भारतात आणली. लेखिका म्हणतात ते ‘ओठावरचे तीन दिवस’ म्हणजे शिबिराच्या सुरुवातीचे आनापान: नाकपुड्यांखालच्या तेवढ्याशा जागेवर श्वासाचा स्पर्श जाणत, पहाटे साडेचारपासून बसणे. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात. साधकांचे मौन दहाव्या दिवशी सुटते. शुल्क मुळीच नाही. राहण्याजेवण्याचा खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो आणि दान शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात. पहिल्याच दिवशी पुढे केलेले लेखिकेचे पाकीट परत आले ते यामुळे.