हेडसेटच्या आधीचा कंदील

"व्हीआर डिझाइन शिकायचंय, पण हेडसेट घ्यायला पैसे नाहीत. थांबू का?" हा प्रश्न अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकायला मिळतो. उत्तर शोधायला मुलुंडहून स्लो लोकल पकडून कल्याणला जाऊया. साल साधारण १८९२.

तिथे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांची मुलं 'शांभरिक खरोलिका' दाखवायची. म्हणजे जादूचा कंदील. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या हालचाली वेगवेगळ्या काचांवर. काचा पटापट बदलल्या की पडद्यावरचं पात्र हलल्यासारखं वाटायचं. जोडीला निवेदन आणि संवाद. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत, वॉटसन हॉटेलात पोचला तो ७ जुलै १८९६ ला. त्याच्याही आधी ही मंडळी प्रेक्षकांना दुसऱ्या दुनियेत नेत होती.

आता व्हीआरकडे या. काच बदलायला उशीर झाला की तिकडे जादू तुटायची. इकडे मान वळली आणि चित्र मागे राहिलं, तर थेट मळमळतं. म्हणून सेकंदाला ९० फ्रेम्स धरल्या, तर एका फ्रेमला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. तिकडे निवेदकाचा आवाज लक्ष खेचायचा. इकडे प्रेक्षक पाठ फिरवून उभा असू शकतो, मग मागून आलेला आवाजच त्याला वळवतो. प्रश्न तेच, फक्त यंत्र बदललं.

आणि यंत्रही तसं जुनंच आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदूला खोली दिसते, हे चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्येच मांडलं. २०१४ मध्ये गूगल कार्डबोर्ड आलं: पुठ्ठा, दोन भिंगं आणि आपलाच फोन. त्याला मान कुठे वळली ते कळतं, पावलं कळत नाहीत. पण वन रूम किचनमध्ये तसंही दोन पावलांवर कपाट लागतं! मग बसून बघणाऱ्यासाठीच डिझाइन करा ना.

आज एवढंच करा. उंचीच्या दुप्पट रुंद कागद घ्या. मधोमध समोरचं, दोन्ही कडांना पाठीमागचं, असं घाटकोपर स्टेशनच्या पुलावरचं दृश्य काढा. फोटो काढून ३६० व्ह्यूअर ॲपमध्ये टाका आणि मित्राला दाखवा. तो आधी कुठे बघतो, ते लिहून ठेवा. पटवर्धनांनी कुंचल्यापासून सुरुवात केली होती, आपण पेन्सिलीपासून करू.

भेटू पुढच्या भागात!