चाक मोठे करावे, की गाडी उंच?

अमेरिकेत 'ट्रक' म्हटले की आपल्याकडचा मालवाहू ट्रक डोळ्यांपुढे आणू नये. तिथे पुढे बसायची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाडीलाही ट्रकच म्हणतात. असा नवा ट्रक घरी आणल्यावर अनेकजण पहिले काम करतात ते त्याची उंची वाढवण्याचे. यासाठी बाजारात 'लिफ्ट किट' मिळतात. चौकटीचे कडबोळे, उंच स्प्रिंगा, लांब शॉक अॅब्सॉर्बर, पाट्यांखाली ठेवायचे ठोकळे असा तो संच असतो. त्यासोबत मूळ टायर काढून चांगले मोठे टायर चढवले जातात. संच चार इंचांचा घ्यावा की सहा इंचांचा, टायर ३३ इंची की ३५ इंची, यावर तासन्‌तास चर्चा रंगते.

वरवर हा हौसेचा मामला वाटतो. पण चाक केवढे असावे, किती रुंद असावे आणि गाडी जमिनीपासून किती उंच असावी, हे प्रश्न अडीचशे वर्षांहून जुने आहेत. त्यांच्यासाठी कायदे झाले, शास्त्रज्ञांत वाद झाले आणि काही चुकांची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली. पदार्थविज्ञानाचे तीन-चार धडे या एका कहाणीत सापडतात, म्हणून ती शिक्षकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

चाकोरीचा कायदा

आपल्या भाषेतला 'चाकोरी' हा शब्दच चाकाच्या एका दोषातून जन्मला आहे. लोखंडी धाव बसवलेले अरुंद चाक मऊ रस्त्यात रुतते आणि खोल चर पाडते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मालवाहू गाड्यांनी रस्त्यांची अशीच चाळण केली होती. तेव्हा १७५३ साली पार्लमेंटने कायदा केला, की टोल भरायच्या रस्त्यांवर जाणाऱ्या जड गाड्यांची चाके नऊ इंच रुंद असावीत. वजन तेच, पण ते अधिक क्षेत्रफळावर पसरले तर दाब कमी होतो, हे तत्त्व इथे थेट कायद्यात उतरले. रुंद चाक रस्ता दाबून सपाट करील, अशीही आशा होती.

चाकाच्या व्यासाचा प्रश्न मात्र कायद्याने सुटण्यासारखा नव्हता. विद्युतभारांच्या नियमामुळे आपल्या परिचयाचा असलेला कुलोम मूळचा लष्करी अभियंता. १७८१ साली पारितोषिक मिळालेल्या आपल्या घर्षणविषयक निबंधात त्याने लाकडी रुळांवरचे प्रयोग मांडले. लोटन-घर्षण वजनाच्या समप्रमाणात आणि रुळाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये यावर वाद पेटला. रस्ते व पूल खात्यातला अभियंता ज्यूल द्युपुई म्हणाला, की हा विरोध व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लष्करी अधिकारी आर्तूर मोरँ याने प्रत्यक्ष गाड्या ओढवून मोजमापे घेतली आणि कुलोमचीच बाजू उचलून धरली. एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत होते : मोठे चाक ओढायला हलके जाते.

याचे एक कारण वर्गात फळ्यावर दाखवता येते. चाकापुढे १० सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. आसाला आडवे ओढून चाक त्यावर चढवायचे आहे. दगडाच्या कडेभोवती आघूर्ण घेतले, की लागणारे बल काढता येते. ३० इंच व्यासाच्या चाकाला त्याच्यावरील भाराच्या सुमारे ९२ टक्के बल लागते. ३५ इंची चाकाला सुमारे ८२ टक्के. फायदा खरा आहे, पण तो दहा टक्क्यांचा आहे, चमत्काराचा नाही. हे प्रमाण पुढे उपयोगी पडेल, म्हणून लक्षात ठेवू या.

हवेचा शोध, दोनदा लागलेला

स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसनने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. त्या काळी रबर महाग होते, सायकल वा मोटार अजून रस्त्यावर यायची होती. कल्पना विस्मृतीत गेली. १८८८ साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली आणि पेटंट मिळवले. टॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे रद्द ठरले. पण तोवर हवेच्या टायरची घोडदौड सुरू झाली होती.

हवेच्या टायरने एक नवीन गोष्ट शक्य केली. लोखंडी धावेचा दाब बदलायचा तर चाकच बदलावे लागे. हवेच्या टायरमध्ये नुसती हवा कमीजास्त करून तो बदलता येतो. ढोबळमानाने, टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रफळावर टेकतो, ते भाराला हवेच्या दाबाने भागले की मिळते. एका चाकावर ५०० किलो भार आहे आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो आहे. म्हणजे टायर २०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकणार. दाब एक किलोवर आणला, की हेच क्षेत्रफळ ५०० होते. या हिशोबात टायरचा व्यास कुठेच आला नाही, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस जरूर आणून द्यावे.

दुसऱ्या महायुद्धात हे तत्त्व हातघाईच्या वेळी उपयोगी पडले. अमेरिकी सैन्यासाठी १९४२ साली 'डक' नावाने ओळखला जाणारा, पाण्यात आणि जमिनीवर चालणारा सहा चाकी ट्रक तयार झाला. समुद्रातून बाहेर पडताच त्याला पुळणीच्या वाळूत चालायचे होते आणि लगेच पुढे डांबरी रस्त्यावर. चालकाला जागेवरून न उठता टायरमधली हवा कमीजास्त करता येईल, अशी सोय त्यात केली होती. टायर तेच, वाळूत कमी हवा, रस्त्यावर पुरी हवा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अशा शेकडो ट्रकांनी माल उतरवला.

मातीचे शास्त्र

चाक मातीत नेमके कसे रुतते, याचे पद्धतशीर शास्त्र उभे केले ते मूळच्या पोलंडच्या मिएचिस्वाव बेकर या अभियंत्याने. युद्धकाळात तो कॅनडात आला आणि पुढे अमेरिकेत स्थिरावला. १९५६ साली त्याचा 'थिअरी ऑफ लँड लोकोमोशन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माती दाबली की ती किती खचते, तिचा कातर-विरोध किती आणि त्यावरून गाडीला किती रेटा मिळेल, याची समीकरणे त्याने दिली. त्यातून एक रोचक गोष्ट पुढे आली : जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ सारखेच असेल, तर आखूड-रुंद ठशापेक्षा लांब-अरुंद ठसा माती कमी दाबतो आणि गाडी हलकी चालते. मोठ्या व्यासाच्या टायरचा खरा गुण हाच. त्याचा ठसा लांब पडतो आणि हवा कमी केली तरी टायरची कड रिमला चेपत नाही.

हे शास्त्र थेट चंद्रावर पोचले. १९७१ साली अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालवली, तिच्या चाकांच्या रचनेमागे बेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांचे काम होते. ती चाके ८१ सेंटिमीटर व्यासाची, पोलादी तारांच्या जाळीची होती. आत हवा नव्हती, पण भाराखाली दबून लांब ठसा टेकवण्याचे टायरचे काम ती जाळी करत होती.

शेतातून मैदानात

आता पिकअप ट्रकाकडे येऊ. १९७० च्या दशकात सेंट लुईस शहराजवळ बॉब चँडलर नावाच्या गृहस्थाने आपल्या १९७४ च्या फोर्ड ट्रकवर प्रयोग सुरू केले. मोठे टायर चढवले, की ते मडगार्डला घासत. म्हणून गाडी उंच करावी लागे. गाडी उंच झाली की आणखी मोठे टायर बसवण्याचा मोह होई. मोठ्या टायरांच्या ताणाने आस तुटत. मग लष्करी गाड्यांचे मजबूत आस बसवावे लागत. या ट्रकाचे नाव 'बिगफूट'. १९८१ साली तो जुन्या मोटारींवरून त्यांना चिरडत गेला आणि 'मॉन्स्टर ट्रक' हा करमणुकीचा नवाच प्रकार जन्माला आला. या ट्रकांचे ६६ इंची टायर मूळचे शेतीतले. ओल्या शेतात रुतू नयेत म्हणून खत पसरवणाऱ्या यंत्रांना ते बसवत. १९८६ सालच्या बिगफूट-५ ला तर तब्बल दहा फुटी टायर आहेत. ते अमेरिकी सैन्याने १९५० च्या दशकात अलास्काच्या बर्फासाठी बनवून घेतलेल्या गाडीचे. गंमत अशी, की हा सर्वांत उंच ट्रक मुख्यतः पाहण्यासाठीच उभा असतो.

बिगफूटच्या या कहाणीत लिफ्ट किटचे मर्म दडले आहे. किटमुळे गाडीची चौकट उंच होते. पण ज्या ट्रकाचा मागचा आस अखंड असतो, त्याचा आस किटने तसूभरही वर जात नाही. कारण आस चाकांना जोडलेला आहे, स्प्रिंगच्या खाली. आसाच्या मधला डिफरन्शियलचा गोळा हाच अशा गाडीचा सर्वांत खाली लोंबणारा भाग. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्याने, आणि तोही व्यासातील वाढीच्या निम्माच. ३० चा टायर ३५ केला, तर अडीच इंच. लिफ्ट किट मुख्यतः मोठ्या टायरला जागा करून देते आणि चढ-उताराच्या कडेला गाडीचे नाक वा पोट घासू देत नाही. म्हणून आधी टायर ठरवावा आणि त्याला पुरेल एवढीच उंची वाढवावी. बहुतेकांचा क्रम मात्र उलटा असतो.

मोठ्या टायरची आणखीही वसुली असते. ३५ भागिले ३० म्हणजे सात-षष्ठांश. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता सातास सहा या प्रमाणात जास्त अंतर कापते. वेगमापक मात्र फेरेच मोजतो. तो ताशी ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ७० ने धावत असते. ब्रेकचे आघूर्ण तेच राहते, पण त्रिज्या वाढल्याने रस्त्यावरचे रोधक बल त्याच प्रमाणात घटते. म्हणजे वेग वाटतो त्याहून जास्त आणि थांबण्याची ताकद कमी. वेगमापकाची दुरुस्ती आणि आसातील गिअरचे गुणोत्तर बदलणे, हे खर्चही टायरच्या किमतीतच धरायला हवेत.

कलण्याचे गणित

सर्वांत गंभीर किंमत गुरुत्वमध्याची. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले, की एक साधा अंक मिळतो. त्याला स्थिर स्थैर्य गुणक म्हणू. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ पासून या अंकावरून गाड्यांना उलटण्याच्या धोक्याचे तारे द्यायला सुरुवात केली. १.४५ किंवा अधिक असेल तर पाच तारे, १.०३ किंवा कमी असेल तर एकच. साध्या मोटारींचा अंक साधारण १.३ ते १.५ आणि पिकअप वा उंच गाड्यांचा १.० ते १.३ असतो.

एक उदाहरण घेऊ. चाकांतील अंतर १६० सेंटिमीटर, गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर. गुणक १.१४, म्हणजे तीन तारे. आता चार इंची किट आणि पाच इंचांनी मोठे टायर बसवले. चौकट जवळजवळ १६ सेंटिमीटर वर गेली. आस आणि चाके मात्र सहाच सेंटिमीटर उचलली गेली, म्हणून गुरुत्वमध्य सुमारे १४ सेंटिमीटरच चढला असे धरू. गुणक झाला १६० भागिले १६८, म्हणजे ०.९५. तीन ताऱ्यांची गाडी एका ताऱ्यावर आली. गाडी उलटायला लागणारा कल ४९ अंशांवरून ४४ अंशांवर आला. कोरड्या रस्त्यावर गाडी उलटण्याआधी सहसा घसरते. पण घसरत जाऊन चाक रस्त्याच्या कडेच्या मऊ मातीत रुतले वा कठड्याला अडले, की ती कोलमडते. एकट्या गाडीचे उलटण्याचे बहुतेक अपघात असेच होतात.

ही निव्वळ पुस्तकी भीती नव्हे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेच फोर्ड एक्स्प्लोरर या उंच गाडीवर होते. धावताना टायरची वरची पट्टी सुटे आणि गाडी उलटे. अडीचशेहून अधिक माणसे दगावली. टायर कंपनीने गाडीला दोष दिला, गाडीच्या कंपनीने टायरला. सरकारी तपासात टायरमध्ये दोष आढळला. पण कमी हवेचा प्रश्नही ऐरणीवर आला, कारण कमी हवेचा टायर वेगात अधिक वाकतो आणि तापतो. त्याच वर्षी झालेल्या कायद्यामुळे पुढे अमेरिकेत नव्या गाड्यांना हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. डकच्या चालकाला जे ठाऊक होते, तेच इथे उलट्या बाजूने सिद्ध झाले : वाळूत सोडलेली हवा रस्त्यावर येताच परत भरली पाहिजे.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने घालते. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. या निर्बंधामागचे कारण विद्यार्थ्यांना सांगायचे, तर वरचा भागाकार पुरेसा आहे.

वर्गात करून पाहा

एक खेळण्यातला ट्रक आणि एक फळी घ्या. ट्रक फळीवर आडवा ठेवा. तो घसरू नये म्हणून उताराच्या बाजूच्या चाकांशी एक पातळ पट्टी चिकटवा. फळी हळूहळू उचला आणि ट्रक कोणत्या कोनाला उलटतो ते कोनमापकाने मोजा. मग टपावर मातीचा गोळा लावून पुन्हा मोजा. नंतर तोच गोळा ट्रकाच्या पोटाखाली लावून बघा. वजन तेच असूनही तीन अंक वेगळे येतात. मुलांना ते आधी ओळखायला सांगा, म्हणजे मोजण्यात रस येईल.

ज्याला खरोखरच चिखलातून, वाळूतून जायचे आहे, त्याने आधी दाबमापक आणि हवा भरायचा छोटा पंप घ्यावा. त्याने भागले नाही तर थोडा मोठा टायर. टायर घासू लागला तर, आणि तेवढ्यापुरतीच, उंची. सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत आधी, आणि गुरुत्वमध्याला हात लावणारा सर्वांत शेवटी.