उजवा हात, उजवा दिवा आणि उपनगरातली गल्लत

१/ मुलुंड चेकनाक्याजवळ पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लुकलुकू लागतो. ‘मी उजवीकडे वळतो आहे’ की ‘उजवीकडून पुढे जा’? मागच्या चालकाला क्षणार्धात ठरवावे लागते आणि चूक जिवावर बेतू शकते. ही गल्लत दिव्याहूनही जुनी आहे. 🧵

२/ दिशादर्शक दिवे सर्रास नव्हते तेव्हा हात हीच चालकांची भाषा होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने हातांच्या खुणा अनुसूचीत नमूद केल्या. भारतात चालक उजवीकडे बसतो. म्हणून डाव्या वळणाची खूणही उजवाच हात फिरवून करायची.

३/ पुढे १९८९ च्या रस्ता नियमांतही या खुणा आल्या. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर आडवा धरायचा. मागच्याला पुढे जाऊ द्यायचे असेल, तर तोच हात तसाच आडवा धरून अर्धवर्तुळात मागे-पुढे हलवायचा. ‘येऊ नकोस’ आणि ‘ये’ यांत फरक फक्त हालचालीचा!

४/ दिवा आला आणि तो फरकही गेला. कायद्याच्या लेखी लुकलुकणारा दिवा वळण सांगतो. ‘पुढे जा’ यासाठी वेगळा दिवा नेमलेलाच नाही. ही उणीव महामार्गावरील चालकांनी आपसांत भरून काढली. कोणी त्यासाठी उजवा दिवा लावतो, कोणी डावा.

५/ उपनगरांत या दोन भाषा समोरासमोर येतात. मुलुंड-घाटकोपरचा लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे पूर्वीचा आग्रा रोड. बोरिवली-अंधेरीतून जाणारा पश्चिम द्रुतगती मार्ग अहमदाबादच्या वाटेला मिळतो. लांब पल्ल्याचा ट्रकचालक महामार्गाची खूण करतो, दुचाकीस्वार तिचा शहरी अर्थ लावतो.

६/ त्यात रिक्षेची तिसरी बोली. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षेला मज्जाव, त्यामुळे ही बोली खास उपनगरांची. रिक्षाचालक मधोमध बसतो. डावीकडे वळताना तो डावा हात काढतो, कधी चक्क पाय! नियमपुस्तकात पायाला स्थान नाही, पण अंधेरीकर तो अचूक वाचतो.

७/ शब्दांनीही घोळ घातला. मालाने भरलेल्या ट्रकच्या चालकाला मागचे नीट दिसत नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’मधली विनंती त्याच्या उपयोगाची होती. शहरात मात्र तिचा अर्थ ‘वाजवत राहा’ असा झाला. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते म्हणून व्यावसायिक वाहनांवर ही अक्षरे लिहिण्यास बंदी घातली.

८/ हेडलाइटची उघडझाप घ्या. मुंबईत तिचा अर्थ बहुधा ‘थांब, मी येतो आहे’. ब्रिटनमध्ये अनेक चालक तीच खूण ‘तू आधी जा’ म्हणून करतात. तिथली अधिकृत नियमावली मात्र बजावते : ही खूण केवळ ‘मी इथे आहे’ एवढेच सांगते; तिला पुढे जाण्याची परवानगी समजू नये.

९/ चेकनाक्यावरच्या त्या उजव्या दिव्यालाही हेच लागू. रस्ता मोकळा आहे की नाही, हे समोरचा दिवा ठरवत नाही. ते मागच्या चालकाने स्वतः पाहायचे असते. शंका असेल, तर ट्रक वळेपर्यंत थांबावे.