सुरतेची दुर्बीण

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ साल आठवते. त्याच्या तेरा वर्षे आधी, १६५१ च्या नोव्हेंबरात, जेरेमी शेकर्ली या इंग्रज तरुणाने तेथे दुर्बीण सूर्याकडे वळविली. बुध सूर्यबिंबावरून जाताना युरोपातून दिसणार नाही, आशियातून दिसेल, हे त्याचे गणित. ते खरे ठरले. वेळा मात्र त्यास नीट टिपता आल्या नाहीत. एवढा समुद्र ओलांडून शास्त्राच्या पदरी थोडेच पडले, याची हळहळ वाटते. तो बहुधा हिंदुस्थानातच वारला.

वेळेचे मोल जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या बहिऱ्या मुलाने दाखविले. ययातीतील अल्गोल सुमारे ६९ तासांनी मंदावतो. त्यापुढून एखादे काळे बिंब जात असावे, असे त्याने १७८३ मध्ये सुचविले. ते बिंब म्हणजे मंद जोडीदार ताराच निघाला. दोहोंतील अंतर बुध-सूर्य अंतराच्या जेमतेम एक षष्ठांश! साध्या दुर्बिणीतून ते वेगळे दिसावेत कसे? प्रकाशाचा चढउतार हाच पुरावा.

भूमीवरून पाहताना दिवस उजाडतो, ढग येतात, हवा थरथरते. २००९ मध्ये अंतराळात गेलेल्या केप्लर दुर्बिणीने आकाशाचा एकच तुकडा चार वर्षे जवळजवळ सलग न्याहाळला. अशा २,८०० हून अधिक जोड्यांची नोंद झाली. ग्रहणाची वेळ मिनिटभर जरी मागेपुढे झाली, तरी जवळपास दडलेल्या तिसऱ्या ताऱ्याचा सुगावा लागू शकतो.