स्वाराचे डोके आणि धन्याचे घड्याळ

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऐन दिवेलागणीला आमच्या घरी एक घोटाळा झाला. पाट मांडला, रांगोळी घातली, नवी केरसुणी आणून ठेवली, आणि मग सौभाग्यवतींच्या ध्यानात आले की लाह्या-बत्तासे आणायचे राहूनच गेले. पूर्वी अशा वेळी घरातल्या धाकट्या पोराला वाण्याकडे पिटाळीत असत. आता कन्येने मोबाइल उचलला, चारदा बोट फिरवले आणि म्हणाली, "बाबा, येतीलच इतक्यात." मग काचेवरच्या त्या नकाशात आमच्या गल्लीकडे सरकत येणारी चिमुकली गाडी आम्ही दोघे मोठ्या कौतुकाने पाहत बसलो. गाडी एका चौकात थांबली तेव्हा माझ्याच तोंडून निघून गेले, "अरेच्चा, हा थांबला का?" तेथे सिग्नल आहे, हे मला मागाहून आठवले.

दार उघडले तो समोर माझाच एक जुना विद्यार्थी. कपाळावर घाम, हातात पिशवी. हेल्मेट खाली गाडीच्या आरशाला लटकत होते. मास्तरकीच्या सवयीने मी विचारलेच. ओशाळून म्हणाला, "सर, दर दाराशी काढायचे, पुन्हा घालायचे, पट्टा लावायचा. त्यात वेळ जातो. आज आणखी सहा खेपा झाल्या की वरचे पैसे मिळतात." सौभाग्यवतींनी पुढे केलेली चकली त्याने उभ्याउभ्याच तोंडात टाकली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत तो गेला.

ते आरशाला लटकणारे हेल्मेट काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलेना. स्वाराच्या डोक्यावर ते प्रथम चढले कसे, याची हकीकत मोठी वेधक आहे; आणि तिचा संबंधही असाच निरोप आणि थैल्या पोहोचविणाऱ्या मंडळींशी आहे.

अरबांच्या बंडात गाजलेल्या टी. ई. लॉरेन्सला वेगवान मोटारसायकलींचे विलक्षण वेड होते. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात तो आपल्या ब्रफ सुपीरियर गाडीवरून बोव्हिंग्टनच्या छावणीत गेला, तेथून एका मित्राला तार केली आणि घराकडे वळला. वाटेत रस्त्याला चढउतार होते. पुढे सायकलवर दोन मुले होती, ती उशिरा दिसली. त्यांना चुकविताना लॉरेन्स उडून पडला. डोक्यावर काहीच नव्हते. सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजी गेला. त्याच्या उशाशी आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शस्त्रवैद्य होता, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पुढे तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला.

चार वर्षांनी महायुद्ध पेटले. लष्कराचे निरोप घेऊन मोटारसायकलवर धावणारे जवान असत. त्यांना डिस्पॅच रायडर म्हणत. रात्री दिव्यांना बंदी, गाडीचा दिवाही झाकलेला, आणि निरोप तर तातडीचा. केर्न्सने मोजदाद केली. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकलवरचे १,८८४ लोक मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मेले. पेट्रोलवर नियंत्रण आलेले असताना हा आकडा चढला, हे लक्षात घ्या. त्याच्याकडे आलेल्या जखमींमध्ये संरक्षक टोपी घातलेले स्वार त्याला सापडले अवघे सात, आणि सातही जण वाचले होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याने हे छापले. सातांवरून सिद्धांत मांडता येत नाही, म्हणून तो पुढेही मोजीतच राहिला. लष्कराने मात्र फार वाट पाहिली नाही. त्याच नोव्हेंबरात कामावरच्या डिस्पॅच रायडरांना टोपी सक्तीची झाली. १९४६ साली केर्न्सने पुन्हा आकडे मांडले, आणि मृत्यू उतरणीला लागल्याचे दाखवून दिले. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये ही सक्ती येण्यास १९७३ साल उजाडावे लागले. केर्न्स १९५२ सालीच वारला होता.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम हेच सांगते. पुण्यात २०१९ च्या आरंभी हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला तेव्हा काहींनी पुणेरी पगड्या चढविल्या होत्या. पगडीबद्दल मला आदर आहे. पण डांबरी रस्त्यापुढे तिचे काही चालत नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे एकट्या २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण रस्त्यावर मेले. त्यांत १४,३३७ नुसते मागे बसलेले होते.

इथवरची गोष्ट सरळ आहे. पण माझ्या विद्यार्थ्याजवळ हेल्मेट होते की! ते आरशाला लटकले होते ते अज्ञानापायी नव्हे, खेपांच्या हिशोबापायी. तेव्हा डोक्याचा इतिहास सांगून भागत नाही, घड्याळाचाही सांगितला पाहिजे.

आपल्याकडे टपालाचे हरकारे घुंगरांची काठी घेऊन धावत. टप्पा संपला की थैली पुढच्याच्या खांद्यावर जाई आणि हा दम खाई. विलायतेत १७८४ च्या ऑगस्टमध्ये जॉन पामर नावाच्या गृहस्थाने ब्रिस्टल ते लंडन टपालाची घोडागाडी सुरू केली. तिच्या मागच्या बाजूला टपालखात्याचा रखवालदार बंदूक घेऊन बसे. नाक्याजवळ आला की शिंग फुंकी, आणि नाकेदाराने फाटक आधीच उघडून ठेवायचे. पुढे या रखवालदाराजवळ खात्याचे घड्याळ आले. कोणी काटे मागेपुढे करू नयेत म्हणून ते बंद पेटीत असे. ठाण्याठाण्यावर वेळ लिहिली जाई. पण घोडे खात्याचे नव्हते, ठेकेदाराचे होते, हाकणाराही ठेकेदाराचाच. म्हणजे घड्याळ एकाचे आणि लगाम दुसऱ्याच्या हातात. इतिहास शिकविताना मी ही गाडी फळ्यावर पुष्कळदा काढली आहे, परंतु ती दोन माणसे वेगळी का बसतात, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

कायदाही लगामाकडेच पाहतो. १८६० च्या भारतीय दंडविधानातले २७९ वे कलम बेदरकारपणे गाडी हाकणाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगे. १ जुलै २०२४ पासून तीच शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमात आहे. हाकणारा सापडतो. घाई लावणारा त्या कलमात कोठे बसतच नाही.

तो बसविण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. डॉमिनोज कंपनीने अर्ध्या तासात पिझ्झा घरपोच देण्याचे वचन दिले होते. उशीर झाला तर गिऱ्हाइकाला सूट. १९८९ साली सेंट लुइस येथे पिझ्झा पोहोचविणाऱ्या एका गाडीने तांबडा दिवा ओलांडून एका बाईच्या मोटारीस धडक दिली. बाईने दावा लावला तो कंपनीवर. डिसेंबर १९९३ मध्ये ज्यूरीने पावणेआठ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली, आणि काही दिवसांतच कंपनीने तेथे ते वचन मागे घेतले. दक्षिण कोरियात मात्र ते चालूच राहिले, आणि तिथले पोरगे धावत होते मोटारसायकलींवर. तरुण स्वार दगावल्यावर लोक संतापले, तेव्हा फेब्रुवारी २०११ मध्ये तेथेही ते बंद झाले. सेंट लुइसचा धडा सोलला पोहोचायला सतरा वर्षे लागली. पिझ्झा अर्ध्या तासात पोहोचत होता.

आपल्या शहरांत २०२१ पासून दहा मिनिटांचे युग आले. कंपन्या म्हणतात, आमची कोठारे वस्तीला लागूनच आहेत, स्वाराला गाडी पळवावी लागतच नाही. यात तथ्य आहे, ते नाकारू नये. पण पगार खेपेमागे आहे. आणि सणाच्या दिवशी, मुसळधार पावसात, अमुक खेपांनंतर वरची रक्कम ठेवलेली असते. माणूस गिऱ्हाइकाच्या दहा मिनिटांसाठी धावतो त्याहून अधिक आपल्या पुढच्या खेपेसाठी धावतो. ३१ डिसेंबर २०२५ रोजी या स्वारांनी देशभर संप पुकारला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांनी कंपन्यांशी बोलणी केल्यावर ब्लिंकिटने दहा मिनिटांचे वचन जाहिरातीतून काढून टाकले.

ती बातमी वाचून मला फार आनंद झाला होता. मध्यंतरी तो विद्यार्थी मंडईत भेटला तेव्हा मी उत्साहाने ती सांगितली. या खेपेस हेल्मेट डोक्यावर होते. मला पाहून चढविले की काय, कोण जाणे. त्याने ऐकून घेतले. "हो सर," तो म्हणाला, "पाटीवरचे गेले खरे. खेपेचा दर आहे तोच आहे." मग मोबाइल किणकिणला, तसा "येतो सर" म्हणून त्याने गाडीला किक मारली.

यंदा लाह्या-बत्तासे मी वसुबारसेलाच आणून डब्यात भरून ठेवले आहेत. सौभाग्यवती म्हणतात, सादळतील.