परक्या दप्तरातला आपला समुद्र

वर्ध्याच्या माणसाने समुद्राच्या इतिहासाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना हसू येईल. आमच्याकडे पाणी म्हणजे धाम आणि वर्धा या नद्या, तेही पावसाळा संपेपर्यंतचे. परंतु थोडा विचार केला तर समुद्र आम्हांला अगदीच परका नाही. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, ती गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आमचा मुलूख होता, त्यांचा अंमल १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसात होता. म्हणजे पुरी आणि बालेश्वरचा किनारा पन्नास वर्षे त्यांच्या ताब्यात होता. पुढे हिंगणघाटचा कापूस आगगाडीने मुंबईला आणि तेथून बोटीने विलायतेला जाऊ लागला. तरीही समुद्र हा कोकण्यांचा, आपला नव्हे, अशी एक समजूत आमच्या मनात घट्ट बसली आहे. आणि खरे सांगायचे तर मराठ्यांच्या इतिहासलेखनातही ती पुष्कळ दिवस बसलेली होती. घोडा, भाला आणि डोंगरी किल्ला यांपलीकडे आपली दृष्टी फारशी जात नसे.

ही समजूत हलविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांचे नाव फार वरचे आहे. ३० मे १८९४ रोजी गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावी त्यांचा जन्म झाला. त्यांना कोणी नौका-इतिहासकार म्हणत नसे. ते दप्तराचे माणूस. गोव्याच्या सरकारी दप्तरखान्याचा कारभार त्यांनी १९६१ पर्यंत सुमारे तीस वर्षे पाहिला. पण ते दप्तरच असे होते, की त्याचे कोणतेही पान उलगडले तरी खाऱ्या वाऱ्याचा वास यावा.

या दप्तराची स्थापना १५९५ सालची. त्याचा पहिला रक्षक दियोगु दु कौतु हा स्वतः इतिहासकार होता. त्यातील सर्वांत मोठ्या संग्रहाचे नावच 'मोसमाची पुस्तके' असे आहे. लिस्बनहून गलबते मार्च-एप्रिलात सुटत, ती मोसमी वाऱ्याच्या बळावर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यास लागत. परतीची गलबते डिसेंबर-जानेवारीत निघत. राजाने प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर त्याच्या हाती पडायला दीड-दोन वर्षे लागत. त्यामुळे गोव्याच्या अधिकाऱ्याला सगळे सविस्तर लिहावे लागे : शेजारी कोण शिरजोर झाला, कोणाची गलबते कोणत्या खाडीत बांधली जात आहेत, आणि आपणांस कशाचे भय वाटते. हे भयच पुढे इतिहासाच्या कामी आले.

एकच उदाहरण देतो. १६५९ साली कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराज सुमारे वीस लढाऊ नौका बांधवून घेत होते. सिद्दीवर चालवायच्या, असे सांगितले जात होते. काम पाहणारा रुय लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज होता आणि त्याच्या हाताखाली त्याचीच शेकडो माणसे होती. या नौका उद्या आपल्यावरच उलटतील, हे वसईच्या कप्तानाच्या ध्यानात आले. त्याने या कारागिरांना फितवून पळवून नेले. मराठी आरमाराच्या जन्माची ही हकीगत आपणांस कळते ती पोर्तुगीज कागदांतून. आपल्या बखरींनी आरमाराचे वैभव वर्णिले. पण ते उभारताना हातातली माणसे एका रात्रीत कशी जातात, ही अडचण मात्र शत्रूने लिहून ठेवली. एवढे होऊनही १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि पुढच्याच वर्षी आरमार बसरूरपर्यंत जाऊन आले. आधीची अडचण ठाऊक असली म्हणजेच या पराक्रमाची किंमत कळते.

दुसरी गोष्ट परवान्यांची. पोर्तुगीज आपला 'कार्ताज' घेतल्याशिवाय कोणाचेही जहाज समुद्रात चालू देत नसत. कान्होजी आंग्र्यांनीही आपल्या दस्तकाची सक्ती सुरू केली, तेव्हा मात्र ते 'चाचे' ठरले. १७२१ च्या अखेरीस पोर्तुगीज आणि इंग्रज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हालवीत परतले. चाच्यावर जाण्यासाठी दोन राज्यांना एकत्र यावे लागते काय? हा प्रश्न त्यांच्याच कागदांतून उभा राहतो. वेगळी वकिली करावी लागत नाही.

पिसुर्लेकरांची थोरवी येथेच आहे. त्यांनी वकिली केली नाही. त्यांनी कागद लावले, वाचले आणि छापले. पोर्तुगीज राज्यमंडळाच्या बैठकींचे १६१८ ते १७५० पर्यंतचे निर्णय त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केले. पोर्तुगीजांच्या हिंदी वकिलांवर आणि दुभाष्यांवर त्यांनी १९५२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शत्रूचा कागदही पारखूनच घ्यावा लागतो, कारण घाबरलेला माणूस दहाचे वीस करतो आणि हरलेला माणूस वीसचे दहा. म्हणून मूळ मजकूर वाचकापुढे ठेवणे हेच त्यांनी आपले काम मानले.

हे सारे त्यांनी परक्या सत्तेच्या नोकरीत, तिच्याच भाषेत केले. गोव्यात स्वातंत्र्याचा लढा पेटलेला असताना सरकारी दप्तरात बसून जुने कागद वाचणाऱ्या माणसाकडे लोक कसे पाहत असतील, याची कल्पना करता येते. पण ते कागद वाचणारा त्या खुर्चीवर नसता तर आज आपल्या हाती काय असते? गोवा मुक्त झाल्यावर, १९६७ साली, त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने काढला. दोनच वर्षांनी, १० जुलै १९६९ रोजी, ते वारले. मराठी वाचकाला त्यांच्या आयुष्यभराच्या श्रमाचे सार त्याच्या भाषेत मिळाले ते असे अगदी अखेरीस. पुढे १९७३ मध्ये भा. कृ. आपटे यांनी मराठ्यांच्या आरमारावर आणि व्यापारी जहाजांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा हा विषय इतिहासाच्या ओसरीवरून माजघरात आला.

दप्तर अजून पणजीत आहे. ते वाचायला कोकणात जन्मावे लागत नाही. पोर्तुगीज शिकण्याची चिकाटी लागते, आणि शत्रूने आपल्याविषयी लिहिलेले शेवटच्या ओळीपर्यंत शांतपणे वाचण्याची तयारी लागते. वर्ध्याच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने हे मनावर घेतले, तर नदीच्या वाटेने नसले तरी पुस्तकाच्या वाटेने आमचे गाव समुद्राला लागेल.